घासागणिक एक ओवी

अध्यक्षस्थान भूषविणाऱ्या आनंदीबाई, व्यासपीठावर विराजमान वैद्यराज, मंडळाच्या कार्यकर्त्या आणि महाड व पंचक्रोशीतून जमलेल्या मायभगिनींनो,

सभेत उभे राहण्याची मला सवय नाही. आवाज कापला, तर तो दोष माझा समजावा, विषयाचा नव्हे.

दासगावच्या माझ्या तुळजामावशीचा आज सासूसेवेबद्दल खणानारळाने सत्कार होत आहे. तिच्या सासूबाई, बनुबाई, यांची स्मृती गेली आहे. त्या पोटच्या लेकाला ओळखत नाहीत, पुढ्यातल्या ताटाला ओळखत नाहीत. मावशीने एक विशिष्ट ओवी गायिली, तरच तोंड उघडतात. ती ओवी मावशी आता गाऊन दाखवील, असे अध्यक्षीणबाईंनी जाहीर केले. मावशीने होकाराची मान हलविली. नकार देणे तिला सासरी कोणी शिकविले आहे?

'जिवाला लागलेले गाणे असेल, तेच ऐकवा,' असे वैद्यराजांनी सुचविले होते. मावशीने भजने म्हटली, पाळणे म्हटले, दातखीळ सुटेना. अखेर बनुबाईंनी स्वतः रचलेली, जात्यावर बसून साऱ्या आळीला वर्षानुवर्षे ऐकविलेली ओवी तिने म्हटली. तीच मी म्हणते:

दारीच्या फणसाला फळं लागली बुडाला,
तुळजा माझ्या सुनेपायी पाळणा नाही आढ्याला.

मघाशी 'किती गोड असेल, नाही?' असे कोण बरे म्हणाले?

नाव तेवढे बदल, असे मी मावशीला सुचविले. तिने बदलले. बनुबाईंनी पेज तिच्या तोंडावर थुंकली. पुन्हा 'तुळजा' ऐकले, तेव्हा घास गिळला. लेक विसरला, घर विसरले. सुनेचा राग तेवढा शाबूत आहे, आणि सून कोणती, हेच नेमके ठाऊक नाही. गेल्या दिवाळीत माझ्यादेखत मावशीचा गाल कुरवाळून म्हणाल्या, "लय गोड गातंस गो बाय! कुनाची तू? आमच्या घरात हाय ना एक वांझोटी, तिला नाय येत असं."

"नाय येत तिला," मावशी म्हणाली. "घास घ्या, आत्याबाय."

अध्यक्षीणबाई, ओवी मी म्हटली आहे. ती मावशीकडून पुन्हा म्हणवून घेऊ नये, एवढी प्रार्थना. संध्याकाळी घरी तिला ती म्हणायचीच आहे, घासागणिक एकदा.

आपण स्तब्धपणे ऐकून घेतलेत, याबद्दल ऋणी आहे. वडीलधाऱ्यांसमोर मर्यादा सुटली असेल, तर बोल मला लावावा. मावशीला लावू नये.