कपाटातला उजेड

(पळसदरीजवळचं एक गाव, १९७८ साल. रविवारची दुपार. घरात वीज नाही, माजघर अंधारं. लाकडी कपाटापुढे वाल्मिक, त्याची आई येसूबाई आणि बायको शकू.)

वाल्मिक: नाही आई, मी नाही उघडणार. तुझ्यासाठी केलंय, तूच उघड.

येसूबाई: अरं पण वायर कुठं हाय त्याला? गावात अजून खांब नाय आले नि माझ्या कपाटात दिवा. लोक हसतील.

वाल्मिक: वायर लागतच नाही. जुनी बॅटरी मोडून केलंय. तिचाच बल्ब, दोन सेल नि पत्र्याची पट्टी. दार लावलं की पट्टी दाबली जाते, दिवा बंद. उघडलं की चालू. विकत घ्यायचे ते सेल तेवढे.

येसूबाई: तुला कोणी शिकवलं हे?

वाल्मिक: माथेरानच्या हाटेलात कामाला होतो तेव्हा बघितलं होतं. त्यांचं विजेवर चालायचं. उद्या शकूला मी रसायनीला घेऊन जाणार, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तू इथं एकटी. रॉकेलची चिमणी घेऊन कपाटात हात घालशील नि एखाद दिवशी लुगडी पेटवून बसशील. मला त्याचीच धास्ती.

येसूबाई: बरं बाबा, उघडते. हं. अगं बया, केवढा लख्ख उजेड पडला रं.

वाल्मिक: आई...

येसूबाई: पार मागच्या फळीपर्यंत दिसतंय. शकू, बघ गं, नवऱ्यानं कसं डोकं लावलंय. जरा डोळ्यावर येतो, पण चांगला हाय.

वाल्मिक: आई, दिवा लागलाच नाही.

येसूबाई: आं?

वाल्मिक: बल्ब ढिला राहिलाय. कपाटात काळोख आहे. तुझ्या डोळ्यावर काय येतंय?

येसूबाई: तुझं मन राखायला म्हनले रं. एवढा खटाटोप केलास म्हनून.

वाल्मिक: माझ्याकडे बघ. माझ्या हातात काय आहे?

येसूबाई: आईची परीक्षा घेतोस काय?

वाल्मिक: सांग ना.

येसूबाई: पकड हाय. मघाधरनं तीच घेऊन बसलायस.

वाल्मिक: हातात काहीच नाही, आई.

शकू: अवो, त्यांना बसू द्या आधी. आत्याबाई, तुमच्या मागंच पाट हाय. बसा.

वाल्मिक: अगं शकू, सकाळी आईनं मला भाकरी थापून वाढली. ओटीवर बसून तांदूळ निवडले. विहिरीवरून कळशी आणली.

येसूबाई: भाकरीला डोळं कशाला लागतात? हाताला ठावं असतं.

वाल्मिक: दिसतं तरी किती?

येसूबाई: दारात ऊन हाय का नाय ते कळतं. माणूस हललं की सावली हलते. बाकी सगळं धुकं.

वाल्मिक: मोतीबिंदू असेल. काढता येतो. उद्याच कर्जतला डॉक्टरकडे जाऊ.

येसूबाई: जाऊन आले.

वाल्मिक: कधी?

येसूबाई: भात झोडून झालं तवा. शेजारच्या चिंधीला घेऊन गेले नि तिला शपथ घातली. मोतीबिंदू नाय. काचबिंदू हाय म्हनले. गेलेली नजर परत येत नाय. उरलीय ती टिकावी म्हनून थेंब दिलेत.

वाल्मिक: मी दर रविवारी येतो. तुझ्यासमोर बसून जेवतो. मला कसं कळलं नाही?

येसूबाई: तू बोलतोस लई नि बघतोस कमी. लहानपणापासनं तसाच.

वाल्मिक: थट्टा करू नको. का लपवलंस?

येसूबाई: क्वार्टर मिळनार, मिळनार म्हनत व्हतास. सासू आंधळी झाली म्हनून कळलं असतं तर हिला नेलं असतंस का? लगीन झाल्यापासनं पोरगी माझ्यापाशी. नवरा म्हंजे आठवड्याचा पाव्हणा. घरात पाळणा नाय हलला, तर लोक हिला बोलतात, तुला कोण नाय बोलत. मी म्हनलं, ही एकदा सामान घेऊन टेंपोत बसू दे. मागनं कळलं तर कळू दे.

वाल्मिक: थांब, हा बल्ब आवळतो. नुसतं उभं राहवत नाही मला. हं, लागला. हे काय?

शकू: काय नाय. दार लावा.

वाल्मिक: लुगड्यांना गाठी कोणी मारल्या? प्रत्येकाच्या कोपऱ्याला आहे. याला एक, याला दोन. आई, तू मारल्यास?

येसूबाई: नाय.

वाल्मिक: मग?

शकू: मी मारल्या. एक गाठ घरात नेसायच्या लुगड्याला. दोन असल्या तर बाजाराला, लग्नाला जायाचं. विटकं लुगडं नेसून त्या लग्नाला गेल्या असत्या तर बाया काय ते समजल्या असत्या.

वाल्मिक: म्हणजे तुला ठाऊक होतं.

शकू: व्हतं. गौरी आल्या व्हत्या तवापासनं. समईत तेल घालताना बाहेर ओतलं नि ओतत ऱ्हायल्या. मी पाटावरचं पुसून घेतलं.

वाल्मिक: नि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस.

येसूबाई: तिला बोलू नको. मीच तिला म्हनले व्हते, कुठं बोलू नको.

शकू: खोटं कशाला, आत्याबाई? तुमी मला काय म्हनल्या नाय नि मी तुमाला नाय. तुमच्या हाताला पयली गाठ लागली तवा तुमाला कळलं, मला ठाऊक हाय.

येसूबाई: तवा हितं उभी ऱ्हाऊन रडले मी.

शकू: बघितलं मी. चुलीपासनं बघत व्हते, पण पुढं नाय आले. पुढं आले असते तर बोलाया लागलं असतं, नि बोललं की माझं जाणं ऱ्हायलं. मला जायाचं व्हतं वो. अजून जायाचं हाय. या अशा असताना जायाला निघाले, माझी मला लाज वाटते. तरी जायाचं हाय.

वाल्मिक: एका घरात तीन माणसं, नि मी एकटा बाहेरचा. आईची नजर गेलीय नि मी तिच्यासाठी दिवा करतोय. आठवडाभर त्याच खुशीत होतो. आई, आता एकच. तू पण चल. उद्या टेंपो येतोय, त्यातच बस.

येसूबाई: मी नाय येत.

वाल्मिक: हट्ट करू नको.

येसूबाई: हट्ट नाय रं. हितं उंबरा कुठं, चूल कुठं, विहिरीचा दगड कुठं, सारं माझ्या पायांना ठावं हाय. हाक मारली तर चिंधी धावत येते. तिथं दोन खोल्या, त्या पण परक्या. तिथं आले की मी खरी आंधळी व्हईन. हिला ने, मला हितं सोड.

वाल्मिक: नि विहिरीत पडलीस म्हणजे?

शकू: मी ऱ्हाते. नका भांडू.

येसूबाई: तू गप गं.

शकू: ऱ्हाते म्हनले ना. फकस्त एक इचारू का तुमाला?

वाल्मिक: विचार.

शकू: त्यांनी डोळं लपवलं, मी गाठी लपवल्या. घर मोडून कोण जायाचं नि कोण ऱ्हायाचं, याचाच आमी दोघी इचार करत ऱ्हायलो. तुमीच रोज घरी यावं, हे कोणाच्या डोक्यात का नाय आलं?

वाल्मिक: रोज? रसायनीहून?

शकू: चिंधीकाकूचा पोरगा गजा जातो की रोज. पहाटं खोपोलीची गाडी, तिथनं पुढं यष्टी.

वाल्मिक: त्याची पाळी ठरलेली आहे. माझी फिरती. रात्रपाळी आली की?

शकू: तवा तिथं ऱ्हावा. बाकीचं तर या.

येसूबाई: नको गं बाई. पोराची हाडं खिळखिळी व्हतील.

शकू: आत्याबाई, तुमची नजर गेली. माझी सालं गेली. त्यांची थोडी झोप जाईल.

येसूबाई: वाल्मिक, तू कुठं बघतोस ते मला कळत नाय रं.

वाल्मिक: शकूकडे बघतोय.

येसूबाई: मग?

वाल्मिक: माझ्या मनातच कधी आलं नाही, आई. शपथ सांगतो, एकदाही आलं नाही. तुझ्या डोळ्यांचं ऐकून हादरलो, पण हे त्याहून लागलं. येईन मी. टेंपोवाल्याला नको म्हणून सांगून येतो. शकू, ती ट्रंक रिकामी कर, कपडे काढून ठेव.

शकू: ऱ्हाऊ दे भरलेली.

वाल्मिक: अगं, येतो म्हटलं ना.

शकू: ऐकलं मी. पावसाळाभर येऊन दाखवा, मग ट्रंक रिकामी करते.