हुंगायची बाटली

हॅलो? आत्या? … मीच गं, दुकानातून. पर्सा दुरुस्त झाल्या की चामडं पुसायची ती बुटकी बाटली, माझ्या ड्रॉवरमधली… तू नेलीस का?

ओरडत नाहीये. नेलीस की नाही?

हं. … कशाला?

हो, हो… तू वॉर्डात सिस्टर होतीस. काचेची कुपी रुमालात फोडायची, पेशंटच्या नाकाशी धरायची, की छातीतली कळ जायची. लहानपणापासून ऐकतेय. पण ते मोजून भरलेलं औषध होतं गं. हे चामडं पुसायचं. वास तोच म्हणे. वासावरून औषध ओळखणं म्हणजे आवाजावरून नवरा निवडणं.

अगं ऐक ना… रक्तदाब धाडकन उतरतो त्यानं. भोवळ येते. डोळ्यांच्या पडद्यावर जातं. जास्त झालं तर रक्त प्राणवायू वाहायचंच सोडतं, ओठ निळे पडतात. आणि पेटतं पटकन… गॅस चालू आहे? बंद कर. आधी.

केलास? झाकण लाव. खिडकी उघड.

आता खरं सांग. आज हुंगलंस? … आत्ता? जिना चढून आल्यावर?

म्हणजे छातीत दुखतंय. … 'जरासं' नको. दुखतंय की नाही?

कधीपासून? … आणि मला कोण सांगणार होतं, भिंत?

… अच्छा. लेकाला कळलं की तो तुला उचलून नेणार, तुझी खोली सुटणार. म्हणून. त्याला मी बघून घेते. खोली कुठे पळत नाही, आत्या. तू निघालीयेस.

थांब, हातात काय आहे? … शेजारणीची ती जिभेखाली ठेवायची गोळी? ठेव खाली. आत्ताच हुंगलंयस, त्यावर ही गोळी म्हणजे रक्तदाब थेट तळाला. सिस्टर, तुला मी शिकवायचं का हे?

आडवी हो. पाय उशीवर. रुग्णवाहिका निघालीये. … कधी म्हणजे? तू 'दुखतंय' म्हणालीस, तेव्हाच दुकानातल्या कारागिराला खूण केली मी, त्यानं लावला फोन. शेजारणीकडे किल्ली आहे, ती दार उघडेल. तू उठायचं नाहीस.

रागव, पण पडून रागव.

हो, मी थेट हॉस्पिटलात येते. बाटली बरोबर घ्यायला सांग तिला. डॉक्टरांना बाटलीचं मी सांगेन. छातीचं तू सांगायचंस. आणि तिथे 'जरासं' म्हणायचं नाही.

… रुग्णवाहिकेची माणसं आली ना? मग ठेव आता फोन. … ठेव गं. आधी मी नाही ठेवणार.