बरणीतलं तळं

आई : आधी त्या स्टुलावरून उतर. माळ्यावर धूळ शोधायला आलीयेस? माझ्या घरात?

लेक : चमचाभर पुरे गं. तळं आटलं तेव्हाची हवी, जुनी.

आई : सासूबाई जन्मभर म्हणत आल्या, हिला झाडता येत नाही. आता पोटची पोर वाभाडे काढायला आलीय.

लेक : ऐकून तर घे. ध्रुवावर बर्फ थराथराने साठतो, दर वर्षाचा एक थर. आम्ही तो वितळवतो आणि तळाशी उरलेली धूळ कुठल्या मातीची ते शोधतो. दर विहिरीच्या पाण्याची चव वेगळी, तसंच मातीचं.

आई : बरं, मग?

लेक : कारखान्याने तळ्याचं पाणी वळवलं ना, त्याच्या पुढच्याच वर्षापासून बर्फात एक नवी धूळ दिसते. मला ती आपली वाटते.

आई : आपली? पार त्या टोकाला?

लेक : वाऱ्यावर जाते. पण ताडून बघायला इथली माती हवी, आणि तळ्याला आता कुंपण. तीनदा परवानगी मागितली, नाही मिळाली. आमचे साहेब म्हणतात, नसती आफत कशाला, अहवालात 'उगम अज्ञात' लिही आणि सोमवारी सही कर. मी नाही करणार.

आई : नोकरी जाईल.

लेक : जाऊ दे.

आई : तुझ्या बाबांची छाती भरली, तेव्हा कारखान्याचा डॉक्टर मला काय म्हणाला, ठाऊक आहे? बाई, घर नीट झाडत जा. तळ्याची धूळ इथवर येत नाही.

लेक : हे कधी बोलली नाहीस.

आई : दिवसातून पाच वेळा झाडत होते गं मी. दुसऱ्या दिवशी खिडकीतली धूळ बरणीत भरली आणि नेऊन ठेवली त्याच्या टेबलावर, म्हटलं, तपासून बघा कुठली ती. हसला मेला. म्हणाला, घरी घेऊन जा.

लेक : मग?

आई : आणली घरी. थांब, कपाटामागे आहे.

(आई बरणी काढते आणि सवयीने पदराला हात घालते.)

लेक : पुसू नकोस. उघडली होतीस कधी?

आई : एकदाही नाही. झाकणाला मेण लावलंय. वर तारीख आहे बघ.

लेक : एकवीस वर्षं. कशासाठी ठेवलीस, आई?

आई : कुणीतरी विचारेल म्हणून.

लेक : साहेब नाक मुरडतील. आणि हे बघ, जुळली नाही, तर जुळली नाही असंच लिहीन मी.

आई : लिही की. मी तरी दुसरं काय मागत होते?

लेक : नमुना कुणी गोळा केला ते नोंदवावं लागतं. 'स्थानिक रहिवासी' लिहिते. तुला त्रास नको.

आई : रहिवासी-बिहिवासी काही नको. माझं नाव लिही, पूर्ण. खाली पत्ताही घाल.

लेक : कारखान्याची माणसं दारात येतील.

आई : येऊ देत. घर झाडलेलं आहे.