डब्यातलं दुसरं लेबल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, प्रमुख पाहुण्या वकीलबाई, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या सिस्टर, डॉक्टर मंडळी, कर्मचारी वर्ग, आणि मागच्या दोन रांगांत उश्या घेऊन बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

त्या उश्या मीच शिवल्या आहेत, बसताना दुखू नये म्हणून मधे पोकळी ठेवून. मी शिंपीण. हातात माइकपेक्षा कात्री बरी वाटते.

नऊ वर्षांपूर्वी, बाळंतपणांनी सैल पडलेल्या ओटीपोटाला आधार म्हणून, याच इमारतीत माझ्या शरीरात प्लास्टिकची जाळी बसवली. ती आधार द्यायचं सोडून आत रुतायला लागली. मशीनवर दहा मिनिटं बसवेना. इथे सांगितलं, तर म्हणाले, 'मनाचे खेळ आहेत.' साहेब, आपण तेव्हा इथे नव्हता. सासूबाई मात्र घरीच होत्या. 'कामाचा कंटाळा आला की कंबर दुखते,' म्हणायच्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

पुढे कळलं, मी एकटी नव्हे. वकीलबाईंनी जाळीच्या कंपनीवर आम्हा सदतीस जणींचा दावा लावला. कंपनीचं उत्तर एका ओळीचं: 'जाळी आमचीच कशावरून?' खरंच, कशावरून? जुने केसपेपर मुदत संपली म्हणून नष्ट झालेले.

आता सिस्टरांविषयी. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. जाळीच्या डब्यात नंबराची दोन-तीन लेबलं येतात. एक केसपेपरवर लागतं, बाकीची कचऱ्यात जातात. सिस्टर दुसरं लेबल आपल्या वहीत चिकटवायच्या, शेजारी बाईचं नाव आणि तारीख. 'सिस्टर, तिकिटं जमवता का?' म्हणून लोक हसायचे. त्या म्हणायच्या, 'बाईच्या अंगात कायमचं काय राहिलं, ते कुणाला तरी ठाऊक असू दे.'

एका दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, गणवेश सैल करून हवा असेल. वही पुढे ठेवून म्हणाल्या, "ताई, ती जाळी डॉक्टरांच्या हातात मीच दिली होती."

मी काय केलं असेल? कात्री आपटली आणि त्यांना बाहेरची वाट दाखवली. आज ज्यांचं कौतुक करायला उभी आहे, त्यांना मी हाकलून दिलं होतं. याची मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दारात. "रागवा हवं तेवढं, पण आधी नंबर उतरवून घ्या."

त्या नंबरावरून दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना जाळीची जात कळली आणि गेल्या वर्षी, निघाली तेवढी, त्यांनी ती काढली.

निवृत्तीच्या तोंडावर विषाची परीक्षा कशाला, असं सिस्टरांना इथल्याच काहींनी समजावलं होतं. ती मंडळी आज पुष्पगुच्छ घेऊन आली आहेत, छान आहेत फुलं. सिस्टर साक्षीला गेल्या. साडेतीन तास उलटतपासणी झाली, वही मांडीवरून हलली नाही. तेहतीस जणींचे नंबर मिळाले. उरलेल्या चौघींच्या वेळी त्या रजेवर होत्या, त्याबद्दल त्या अजून माफी मागतात. वकीलबाई त्या चौघींचा दुसरा पुरावा शोधत आहेत. निकाल यायचाय, पण 'कशावरून' हा प्रश्न आता कुणी विचारत नाही.

आणि साहेब, गेल्या सोमवारपासून दुसरं लेबल कार्डावर लावून बाईच्याच हातात देण्याचा नियम आपण केलात. उशिरा केलात, पण केलात. मनापासून आभार.

मला बोलायची संधी दिलीत, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. कुठे टाका वाकडा पडला असेल तर पदरात घ्या. माझ्या आधीच्या वक्त्यांनी भाषण लांबल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, ती मात्र त्यांनी मागे घ्यावी, ही विनंती. सिस्टर, समारंभ सुरू होऊन पावणेदोन तास झाले. मी त्या लाकडी खुर्चीवर बसून सगळं ऐकलं. माझी उशी घरी आहे.