कुलुवाकरांची पेटी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर, जुलै, कोनफळांची काढणी कालच संपली — लिहा मास्तर, तुम्हाला लिहायची सवय आहे. उभे का? बसा. बाहेर जाऊ नका, शेजारच्या कुलुवा गावाची माणसं अंगणात आहेत. भाले? हो, आणलेत. अजून नुसते आणलेत.

तुमची चूक नाही म्हणता? फळ्यावर तीन कोनफळं काढलीत — एक मोठं, दुसरं त्याहून मोठं, तिसरं सगळ्यात मोठं — इंग्रजीत कसं म्हणायचं ते शिकवलंत. शिकवा की. मी दोन इयत्ता शिकलोय, मी काय बोलणार? पण माझी नात इबोमा वर्गात उभी राहून म्हणाली, आमचं कोनफळ माझ्या वर्गातल्या, कुलुवाच्या तोसिलालाच्या कोनफळाहून मोठं आहे. आणि तुम्ही म्हणालात, शाबास! आमच्या बेटावर हे तोंडानं कुणी म्हणत नाही, मास्तर — डोळ्यांनी बघायचं, जीभ आत ठेवायची. म्हटलं की आव्हान झालं. संध्याकाळी तोसिलालाचा आजा कुंपणाशी येऊन ओरडला, "काय रे तोमेदा, तुझ्या मळ्यात डोंगर पिकतात म्हणे! मग पोरं का तुझी वाळकी?" आज सकाळी त्यांनी ही काठ्यांची पेटी कोनफळांनी भरून आणली, अंगणात ओतली. आता तेवढंच परत द्यायचं, दिवस बुडायच्या आत, त्याच पेटीनं, आपल्या मळ्यातलं. त्यांचं आलेलं लावायचं नाही, खाऊन संपवायचं. कमी पडलं तर गावाची लाज. जास्त झालं तर — जास्त झालं तर भाले.

मागच्या खेपेला जास्त झालं. एकच कोनफळ. वरून घातलं कुणी? मीच — तरणा होतो, मस्ती होती. माझा भाऊ पडला तो इथंच, तुम्ही बसलात तिथं. गावाला वाटतं मोजण्यात चूक झाली. हे लिहू नका. खोडा ते.

कोठार झाडून झालं, तरी पेटी चार बोटं रिकामी. सुनेनं बियाण्याची टोपली काढली. पुढच्या वर्षी लावणार काय? ते मला विचारू नका, गप्प बसा, तिचा हात हलेल. — घाल पोरी. आणखी एक. ते नको, लहान घाल. बास! हात काढ! — तोसिलालाचा आजा पेटीवर काठी आडवी धरतोय. वाकून बघतोय. टेकली, बरोबर काठोकाठ.

भाले उचलले. आपल्या गावाकडे वळले.

फिटलं.