पंक्चर न होणारी टायरं

आमी मूळचं मेढ्याच्या वरल्या अंगाचं. आमच्या वाडीत सायकल कुनाकडंच नव्हती, आन् असून तरी काय करनार, हिकडं चढ, तिकडं दरी, चालवायची कुटं. पोरं चालतच शाळंला जायाची, म्हातारी मानसं चालतच बाजाराला जायाची. मी धाव्वीला नापास झालो तवा मामानं मला सांगलीला आनला, कुपवाडला कारखान्यात चिकटवला, लेथवर. म्हनला, सपाट मुलूख हाय गड्या, हितं मानूस पडत न्हाई. मामा गेला आता, त्येला बोलून काय उपेग, पर ते काय खरं न्हवं.

तवापास्नं मी लेथवरच हाय. लोखंड फिरत असतंय, आपन हत्यार लावायचं, मग त्येचा कीस निघतोय, नागमोडी, तापल्याला, धारंचा. माझ्या हातावर बघा, ह्या सगळ्या बारीक खुना त्या किसाच्याच. लगीन झालं, बायको वाईकडची, घाटावर खेळल्याली, तिला सांगलीचं पानी गोड लागंना म्हनून वरीसभर कुरकुर केली, मग बेदाना निवडायच्या शेडात कामाला लागली आन् गप झाली. बुधगावला दोन खोल्या बांधल्या. एक ल्योक, संकेत. एकच.

आता ह्या पोराला सायकलीचं याड कुटनं लागलं ते मला इचारू नका, मला सोताला सायकल यायला विशी उलटली हुती. शर्यतीची सायकल, वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या बारीक टायरची, मिरजंच्या एका डॉक्टरनं हौसंनं घेऊन टाकून दिल्याली, ती ह्येनं मिळवली. पहाटं उठून तासगाव रोडला जायाचा. मी म्हनायचो, अरं ती घट्ट कापडं घालून काय हिंडतोस, लोकं हसत्यात. तर म्हनायचा, हसूद्यात आबा, माझ्या मागं ऱ्हाऊनच हसत्यात. जिल्ह्यात पयला आल्ता. खेळाडूच्या जागंवर भरती हुईल असं त्येचं मास्तर म्हनत हुतं. त्येची आई सांच्याला त्येच्या पायावरनं मीठ-मिरच्या उतरायची, मी तिला येडी म्हनायचो.

उसाचा ट्रॅक्टर हुता. मागं दोन ट्रॉल्या, दिवा न्हाई, लाल फडकं न्हाई, कडंला बंद पडल्याला. पहाटंचा अंधार, पोरगं खाली मान घालून येगात. काय सांगू तुमास्नी. शेवटच्या घडीला वळवली म्हनं, सायकल जाऊन उसात पडली, तिला कायबी झालं न्हाई, आन् पोरगं त्या ट्रॉलीच्या लोखंडावर. डावा गुडघा. ऑपरेशनं झाली, सळ्या घातल्या, काढल्या, हाड जुळलं, पर गुडघा वाकंना. डॉक्टर म्हनला, जुळवायचं काम आमी केलं, वाकवायचं तुमचं, रोज व्यायाम केला तर वाकंल, न्हाई केला तर ह्यो पाय असाच ताठ ऱ्हानार. व्यायाम घ्यायला एक बाई यायाची. आधी आधी दातओठ खाऊन करायचं पोरगं. मग सोडलंच. भितीकडं तोंड करून पडायचं, जेवन हातरुनात, बोलनं न्हाई, आईनं इचारलं तर व्हय न्हायतर न्हाई. आमी दोघं आमच्याच घरात आवाज न करता चालायचो.

त्यातच मला साखर निघाली. डॉक्टर म्हनला, गाडी बंद करा, सायकलनं कामावर जावा. आता घरात सायकल एकच, ती बी भितीला, साडी घालून झाकल्याली. मी आठवडाभर इचारायचा धीर केला न्हाई. शेवटी इचारलं, तर तिकडंच तोंड करून म्हनला, घ्या की, उभी ऱ्हाऊन टायरंच वाळत्यात तिची.

मग मी निगालो. पन्नाशीचा मानूस, प्यांटची टोकं मोज्यात खुपसून, पाठ वाकवून, डबा पाठीवर. कुपवाडला गेटवर लोकं हसली, मी बी हसलो, न हसून सांगतोय कुनाला. पर दोन दिसात पंक्चर. आमच्या त्या कारखान्यांच्या रस्त्यावर काय नसतंय, भंगाराच्या गाड्या कीस सांडत जात्यात, वर्कशॉपवालं झाडून रस्त्यावरच ढकलत्यात, म्हंजी माझ्या हातनं निघाल्याला कीस माझ्याच टायरात. नाक्यावरचा पंक्चरवाला म्हनला, मामा, ह्येचं नोजल बारीक हाय, आमच्या पंपानं हवा बसनार न्हाई, घरी न्या. नेली, ढकलत.

वसरीत बसून मी टायर काढाय बघितलं. रिमला असं गच्च बसल्यालं, हातानं हलंना, म्हनून स्क्रू-ड्रायव्हर घातला. आतनं आवाज आला, आबा, ते लोखंड घालू नका, ट्यूब चिरंल. मी म्हनलो, मग कसं काढू. तर थोड्या येळानं काठीचा आवाज. आला भायेर. हॉस्पिटलातनं आल्यापास्नं वसरी बघितली नव्हती त्यानं. त्येची आई चुलीपुढं हुती, तिनं मागं वळून बघितलं आन् पुन्यांदा तोंड फिरवलं, बघितलं तर जाईल ह्या भ्यानं.

तो स्टुलावर बसला, पाय म्होरं ताठ. चाक मांडीवर घेतलं. नुसत्या आंगठ्यांनी टायर उतरवलं. मला घमेल्यात पानी आनाय लावलं, ट्यूब बुडवली, बुडबुडं बघितलं, टायरच्या आतनं हळू बोट फिरवून कीस हुडकला, म्हनला, हे आधी काढायचं असतंय आबा, न्हायतर उद्या परत तितंच जाईल. एवढं मोठं वाक्य मी लय दिसांनी ऐकलं त्येच्या तोंडनं. मला रडूच आलं, मी पानी टाकाय गेलो.

मग काय, कवा एक दिसाआड, कवा रोजच पंक्चर. किसानं, बांधावरच्या बाभळीच्या काट्यानं, काचंनं. मी ढकलत यायाचो, पाठ दुखायची, जेवायला उशीर, पर ल्योक वसरीत बसून वाट बघतोय म्हनल्यावर पायाला बरं वाटायचं. चाक बसवायला वाकावं लागतंय, पंप मारायला रेटावं लागतंय, त्या झटापटीत गुडघा जरा जरा मुडपायचा. त्येच्या ध्यानातबी यायाचं न्हाई. ती व्यायामाची बाई आली, मापलं, म्हनली, काय करताय ते करत ऱ्हावा, चांगलं हाय. आमच्या मंडळींनी बाईला घरचा बेदाना बांधून दिला.

तर मग गाळप सुरू झालं. उसाच्या गाड्या रात-दिस रस्त्यावर. एकदा माधवनगरच्या म्होरं पंक्चर झाली, अंधार पडला, मी कडंकडंनं ढकलत आलो. घरी बघतो तर पोरगं रस्त्याला येऊन उभं, काठी टेकून. मला म्हनला, आबा, उद्यापास्नं तुमी ह्या टायरांवर जायाचं न्हाई. मी म्हनलो, अरं त्याला काय हुतंय. तर आरडला माझ्यावर, काय हुतंय ते मी बघितलंय.

मग त्यानं टायरांचा नाद घेतला. मोबाइलवर बघत बसायचा, मला समजवायचा. ही शर्यतीची टायरं हलकी असत्यात, रबर पातळ, येग देत्यात पर काटा सोसत न्हाईत. दुसरी असत्यात, रबराच्या खाली आतनं दाट पट्टा घातल्याला असतोय, काटा तितं येऊन थांबतोय, ट्यूबपतूर जात न्हाई. वजनाला जड, चढाला दम काढनार, पर वरसं टिकनार. मला कारखान्यातनं व्हर्नियर आनाय लावला, ब्रेकच्या खाली किती जागा हाय ते मापलं, म्हनला, जरा रुंद टायर बसंल, रुंद असलं की हवा जरा कमी भरून चालतंय, तुमच्या पाठीला हादरा कमी बसंल. माझ्या पाठीचा इचार कुनी केला हुता आजवर. मी ऐकत बसायचो, आन् आत कुटंतरी भ्या वाटायचं. पंक्चर झालीच न्हाई, तर ह्यो भायेर कशाला येनार.

सांगलीत एक जैन अन्नांचं सायकलीचं दुकान हाय, भला मानूस. त्यांनी दोन्ही परकारची टायरं म्होरं टाकली. एक उचललं तर हातात घेतल्यासारखं वाटंना, दुसरं जड, वळवायलाबी कठीन. अन्ना म्हनलं, चालवनार कोन. साधा सवाल की वो. माझ्या तोंडात आलं हुतं, माझा ल्योक, शर्यतीत. जीभ उचलली न्हाई. पातळ टायरावर माझा हात हुता. घरी जाऊन सांगायचं, जड नव्हतं दुकानात, कोन बघाय येतंय. मग मला त्या रातचं पोरगं दिसलं, काठी टेकून रस्त्यावर उभं. मी म्हनलो, मीच चालवनार अन्ना, कामावर जायाला, ते जड द्या. अन्ना म्हनलं, बरं केलंत, आता चार-पाच वरसं बघाय नको. त्यांनी आपलं चांगल्यासाठी सांगितलं, मला मातुर ती चार-पाच वरसं डोळ्यापुढं हुबी ऱ्हायली.

बसवताना त्येच्या आंगठ्यांना फोड आलं, इतकं ताठ टायर. घाम पुसत हसला. म्हनला, आता बघतो कंचा काटा घुसतोय. तो दिस लय चांगला गेला आमच्या घरात.

आन् खरंच की, कायबी घुसंना. पयलं चार दिस मी आलो की आतनं इचारायचा, आबा, काय झालं का. न्हाई बाबा. बरं झालं. मग इचारायचं बंद झालं. घमेलं कोपऱ्यात कोरडं. पोरगं परत भितीकडं. ती बाई आली, मापलं, माझ्याकडं बघून मान हलवली, गुडघा परत ताठत चालला हुता. मी तुमाला खरं सांगतो, मी मुद्दाम कीस बघून त्येच्यावरनं सायकल घालाय लागलो. भंगारवाल्याच्या दारातनं, बाभळी तोडल्याल्या बांधावरनं. लोकं म्हनायची, येडं झालं का काय ह्ये. काटं मोडत हुतं, टायराला काय न्हाई. पोरानं निवडच तशी केली हुती. मला राग यायचा त्या टायरांचा, आन् मग लाज वाटायची, मानूस पोराच्या चांगल्या कामावर असा चिडतोय म्हनून.

मागल्या म्हयन्यात न ऱ्हावून मी कारखान्यातनं निघताना आखायची सुई खिशात टाकली. लोखंडावर रेघ मारायची असती, ती. खालनं घुसंना, पट्टा हाय. मग कडंनं घातली, तितं रबर मऊ असतंय. फुस्स झालं. ढकलत घरी आलो आन् लय थकल्यागत हाक मारली, संकेत, पंक्चर रं. आतनं काठीचा आवाज आला. लगेच आला.

स्टुलावर बसला, चाक मांडीवर घेतलं, फिरवलं. थांबला. त्या भोकावर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं, मी घमेल्याकडं बघितलं. त्यानं ट्यूबला ठिगळ लावलं, टायरला आतनं जुन्या टायरचा तुकडा लावला, हवा भरली, चाक बसवलं. सगळं झाल्यावर हात पुसत म्हनला, आबा, रस्त्यावरचं कायबी आलं तर ते खालनं येतंय. कडंनं येत न्हाई. मग म्हनला, टायर चांगलं हाय, त्येला भोसकू नका, बाद हुईल. मला नुस्ती हाक मारत जावा. मी येतो.

त्येची आई दारात हुती. तिनं सगळं ऐकलं, पर मला आजपतूर एका शब्दानं इचारलं न्हाई.

तवापास्नं मी रोज मारतो हाक. कामावरनं आलो की सायकल लावतो, पाय धुतो, वसरीत बसतो आन् हाक मारतो. कवा कवा येतो. साखळीला तेल घालतो, ब्रेक बघतो, नसल्यालं काम काढतो, मी बी नसल्यालं कायतरी सांगतो, मागनं जरा आवाज येतोय म्हनतो. दोघांनाबी ठावं हाय, आवाज-बिवाज काय न्हाई. मग परत दोन-चार दिस न्हाई. आतनं म्हनतो, व्हय आबा, आलोच. मी थांबतो. त्येची आई च्याचा कप ठिवती म्होरं, च्या निवून जातो. परत हाक मारावी तर वाटतंय, कशाला त्येला सारखं खोटं बोलाय लावा.

तुमी आला, बसला, एवढं ऐकलं. तुमची लेकरं एका हाकेत भायेर येऊंद्यात, दुसरं काय मागू.