काढलेला खुबा

ऋतिका : ह्या कागदावर सही केली नाही ना, मावशी?

म्हाळसाबाई : न्हाई. सांधा बनवनाऱ्या कंपनीचा मानूस म्हनला, दुसरं ऑपरेशन फुकट करून देतो. मी म्हनलं, मालकांना इचारते.

हौसराव : मी केली असती, वकीलबाई. तीन वर्सांत खुब्यात बसवलेला सांधा ढिला झाला. ही कुबडीवर. सोमवारी ऑपरेशन हाय.

ऋतिका : काका, खालची ओळ वाचते. ‘काढलेला सांधा कंपनी ताब्यात घेईल. रुग्ण पुढे कोणतीही तक्रार करणार नाही.’

म्हाळसाबाई : म्हंजी पुरावाच न्ह्यायचा.

ऋतिका : तुमच्या फाईलमधल्या स्टिकरवरचा नंबर बघा. ह्याच नंबरचे सांधे कंपनीनं बाजारातून परत बोलावलेत.

हौसराव : पर डॉक्टरांना कोर्टात वढायचं? लई सांभाळलं त्यांनी हिला.

ऋतिका : त्यांनीच तर तुम्हाला माझ्याकडं पाठवलं. पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार कंपनीवर करू, दोष कळल्यापासून दोन वर्षांच्या आत. ऑपरेशन सोमवारीच होऊ दे. फक्त आज डॉक्टरांना लेखी द्या, काढलेला सांधा सीलबंद करून आमच्याच हातात द्या म्हणून.

हौसराव : आन् पुन्याला हेलपाटे कोन घालनार?

म्हाळसाबाई : मी घालंन. तीन वर्सं मला वाटलं, माझंच हाड कुचकं. तुम्ही बी म्हनला, वय झालं, वजं उचललंस, तुझीच चूक. ते एकदा कुनीतरी तपासू द्या.

हौसराव : ...लिवा, वकीलबाई.

(दीड वर्षानंतर. शिरूरला, ऋतिकाच्या ऑफिसात.)

ऋतिका : निकाल लागला. सांध्याच्या धातूतच दोष होता. दोन्ही ऑपरेशनचा खर्च आणि भरपाई कंपनीनं द्यायची. अपिलात जातील कदाचित.

हौसराव : जाऊ द्या. आपुन बी जाऊ. हिच्याबद्दल काय लिवलंय?

ऋतिका : ‘रुग्णाच्या वागण्यात कसलीही चूक आढळली नाही.’

हौसराव : पुन्यांदा वाचा.

ऋतिका : ‘कसलीही चूक आढळली नाही.’

हौसराव : ऐकलंस का? मी उगंच बोललो हुतो तुला.

म्हाळसाबाई : ऐकलं. पानी घ्या.

ऋतिका : मावशी, आणखी एक. केडगावच्या सिंधूबाईंचा फोन होता. त्यांच्या फाईलवर तुमच्याच सांध्याचा नंबर आहे. कोर्टाचं नाव काढलं की घाबरतात. इथं बोलवू का, तुमच्याशी बोलायला?

म्हाळसाबाई : त्यांना कशाला तरास? त्यांचा पाय ठनकत असंल. मीच जाते.

हौसराव : थांब, रिक्षा बघतो.

म्हाळसाबाई : ऱ्हाऊ द्या. स्टँडपस्तोर चालत जाऊ.